उदाहरण नेमकं कुठल्या ओळीवर अडतं?

एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: बीजगणित आणि भूमिती आजवर कशीबशी निभत होती, पण कॅल्क्युलस सुरू झाल्यापासून गृहपाठाच्या दहा उदाहरणांना तीन-तीन तास लागतात. अडलं की ती मोबाइलवर उत्तर शोधते. वाचताना प्रत्येक पायरी पटते, ‘हे तर सोपंच होतं’ असं वाटतं आणि ती ते वहीत उतरवून घेते. दुसऱ्या दिवशी तसलंच उदाहरण समोर आलं की पान कोरंच राहतं. भूमितीच्या सिद्धतेला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. चाचणीत बरेच गुण ‘सिली मिस्टेक’मध्ये जातात. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: उत्तरं बघणं पूर्ण बंद करू का? उदाहरणांची संख्या दुप्पट करू का? की गणित हा माझा विषयच नाही? सोबत तिने वहीच्या काही पानांचे फोटो जोडले आहेत.

प्रिय मैत्रिणी,

फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. नुसत्या पत्रावरून दिलं असतं त्यापेक्षा पानं पाहून दिलेलं उत्तर बरंच वेगळं आहे.

‘कॅल्क्युलस जमत नाही’ असं तू लिहिलंस. पण या पानांवर कॅल्क्युलसची म्हणावी अशी चूक एखाद-दुसरीच दिसते. बाकीची पडझड झाली आहे ती दोन-तीन वर्षांपूर्वी शिकलेल्या बीजगणितात. पहिल्याच पानावरचं उदाहरण घे: व्याख्येवरून १/क्ष चा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे क्ष किंचित बदलला की १/क्ष किती वेगाने बदलतो ते, काढा. क्ष मधल्या छोट्या वाढीला आपण ह म्हणू. तू मांडणी अगदी बरोबर केलीस,

[१/(क्ष + ह) − १/क्ष] ÷ ह

आणि पुढच्याच ओळीत १/(क्ष + ह) चे १/क्ष + १/ह असे दोन तुकडे केलेस. उदाहरण तिथेच संपलं. मग पुढे लिमिट, म्हणजे ह शून्याकडे नेताना येणारी किंमत, कितीही काळजीपूर्वक घेतलंस तरी काही उपयोग नव्हता. छेदातल्या बेरजेचे असे तुकडे होत नाहीत. शंका आली की आकडे घालून बघायचं: क्ष = २, ह = ३ घेतलं तर डावीकडे १/५ येतं आणि उजवीकडे १/२ + १/३, म्हणजे ५/६. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरी वाट छेद समान करण्याची. अंशात क्ष − (क्ष + ह) येतं, छेदात क्ष(क्ष + ह). आता इथे दुसरा खड्डा आहे, आणि त्यात पुष्कळ जण पडतात. कंस न घालता क्ष − क्ष + ह लिहिलं की अंशात अधिक ह उरतो आणि शेवटी उत्तर येतं + १/क्ष². कंस घातला तर अंशात − ह उरतो, तो बाहेरच्या ह ने कटतो, राहतं − १/[क्ष(क्ष + ह)], आणि ह शून्याकडे नेला की − १/क्ष². चिन्ह बरोबर आलं का हे पडताळायला पुस्तकाच्या मागे जायची गरज नाही. क्ष धन असताना तो वाढवत नेला की १/क्ष कमी कमी होतो. म्हणजे डेरिव्हेटिव्ह ऋणच यायला हवा.

हे एक उदाहरण मुद्दाम इतकं उकलून दाखवलं. तुझी वही म्हणते ‘लिमिट येत नाही’, पण येत नव्हती ती अपूर्णांकांची वजाबाकी. अशा वेळी लिमिटची आणखी वीस उदाहरणं केलीस तर तीच चूक वीस वेळा गिरवली जाईल. म्हणून दुप्पट उदाहरणांचा बेत तूर्त बाजूला ठेव. आधी उदाहरण नेमकं कुठल्या ओळीवर अडलं ते शोधायचं आणि ती ओळ कुठल्या इयत्तेची आहे ते बघायचं.

शाब्दिक उदाहरणाच्या पानावरही हेच आहे. भिंतीला लागून आयताकृती जागा आखायची आहे, उरलेल्या तीन बाजूंना मिळून ४० मीटर कुंपण आहे, तर क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? तू २क्ष + य = ४० लिहिलंस, क्षेत्रफळ = क्ष × य लिहिलंस आणि थांबलीस. पुढे खोडून खोडून कागद फाटायला आलाय. क्षेत्रफळात दोन चल आहेत, तुला शिकवलेला डेरिव्हेटिव्ह एका चलाचा आहे. मग एक चल घालवायलाच हवं. पहिल्या समीकरणावरून य = ४० − २क्ष, म्हणजे क्षेत्रफळ ४०क्ष − २क्ष². डेरिव्हेटिव्ह ४० − ४क्ष, तो शून्य असेल तेव्हा क्ष = १०, य = २०, क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. क्ष ० पासून २० पर्यंतच जाऊ शकतो आणि दोन्ही टोकांना क्षेत्रफळ शून्य होतं, त्यामुळे मधलं मूल्य सगळ्यात मोठं हे लगेच पटतं. टोकं तपासायची ही ओळ बहुतेक जण गाळतात. या संपूर्ण उदाहरणात कॅल्क्युलस एका ओळीचं आहे.

आता उत्तरं बघण्याबद्दल. पूर्ण बंद कर असं मी सांगणार नाही. अडलेल्या उदाहरणासमोर तासभर नुसतं बसून राहण्याने काही शिकून होत नाही, वैताग तेवढा येतो. पण ‘वाचताना समजतं’ याला तू ‘समजलं’ म्हणतेस, तिथे जरा थांबू. दुसऱ्याने लिहिलेली पायरी बरोबर आहे हे कळणं एक, आणि त्या जागी दुसरी कुठली नाही तर हीच पायरी का घ्यायची हे सुचणं वेगळं. छापील उत्तरात निवड आधीच झालेली असते. तुझा सगळा वेळ ज्या निवडीत जातो ती त्या पानावर कुठे लिहिलेलीच नसते, म्हणून ती उतरवून घेताही येत नाही.

त्यामुळे उत्तर बघायचंच, पण असं: आधी कागदावर तीन गोष्टी लिही. काय दिलंय, काय काढायचंय, आणि या दोहोंना जोडणारं कुठलं सूत्र किंवा प्रमेय आठवतंय. मग प्रयत्न कर. दहा-पंधरा मिनिटं कागदावर नवीन काही उमटलं नाही तर उत्तर उघड, पण त्यावर कोरा कागद ठेवून. एकेक ओळ खाली सरकव. जी पहिली ओळ तुला सुचली नव्हती तिथे थांब, उत्तर मिटव, आणि समासात एका वाक्यात लिही: ‘इथे दोन चल होते म्हणून एक घालवलं’, ‘छेद वेगळे होते म्हणून समान केले’. पुढचं तुझं तू सोडव. पुन्हा अडलीस तर पुन्हा एकच ओळ. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण वही न उघडता कोऱ्या पानावर, आणि आठवड्याने आणखी एकदा. आकडे पाठ झाले असतील तर बदलून घे. ४० च्या जागी ६० मीटर कर, भिंत काढून टाक. भिंत नसेल तर चारही बाजूंना कुंपण लागेल आणि उत्तर चौरस येईल, ते का येतं ते बघ.

पायऱ्या दाखवणारी ॲप्स तू वापरतेस त्याला माझी हरकत नाही. आलेख बघायला आणि शेवटचं उत्तर ताडून बघायला ती फार चांगली. पण ॲपची रीत वर्गातल्या रीतीपेक्षा वेगळी असू शकते, आणि उत्तराचं रूपही. तुझ्या तिसऱ्या पानावर २ साइन क्ष कोसाइन क्ष चं इंटिग्रेशन, म्हणजे डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया, आहे. तू साइन² क्ष + क असं बरोबर काढलंस, पुस्तकात − कोसाइन² क्ष + क दिसलं म्हणून सगळं खोडलंस! दोन्ही बरोबर आहेत. साइन² क्ष आणि − कोसाइन² क्ष यांच्यात फरक फक्त १ चा, आणि तो स्थिरांक क मध्ये मुरतो. उत्तर जुळलं नाही तर खोडायच्या आधी दोन्हींत दोन-तीन वेगवेगळे आकडे घाल. साधं उत्तर असेल तर किंमती तंतोतंत जुळायला हव्यात. इंटिग्रेशन असेल तर प्रत्येक वेळी फरक तोच यायला हवा.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द मात्र काही दिवस वापरू नकोस. तो वापरला की चूक आपोआप माफ होते आणि तिची चौकशी राहून जाते. वहीचं शेवटचं पान यासाठी राख. प्रत्येक चुकीची एक ओळ: काय लिहिलं, काय हवं होतं, चूक कुठल्या जातीची. तुझ्या पाठवलेल्या पानांवर मला ज्या जाती दिसल्या त्या सांगून ठेवतो, इतरांनाही त्या ओळखीच्या वाटतील.

वजा चिन्हामागचा कंस गळतो, हे वर आलंच. दुसरी, (३क्ष² + १)⁵ चा डेरिव्हेटिव्ह ५(३क्ष² + १)⁴ लिहिलास, आतल्या ३क्ष² चा ६क्ष राहिला. हवं होतं ३०क्ष(३क्ष² + १)⁴. ही मात्र कॅल्क्युलसची खरी चूक. चेन रूल, म्हणजे आतल्या पदाच्या डेरिव्हेटिव्हनेही गुणायचा नियम, तुला येत नाही असं नाही, कारण खालच्याच उदाहरणात तो बरोबर वापरला आहेस. घाईत बाहेरचा घात उतरवला की काम झालं असं वाटतं. पडताळा: क्षच्या जागी − क्ष घातला तरी मूळ पद तेच राहतं, म्हणजे आलेख डावी-उजवीकडे सारखा, आणि क्ष = ० ला चढ शून्य हवा. तुझ्या उत्तरात तिथे ५ येतात.

तिसरी, क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष = ५ लिहिलंस. शून्य हे मूळ, म्हणजे समीकरणाचं दुसरं उत्तर, हरवलं. चलाने भागायचं नाही; सगळं एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडायचे. याची उलटी बाजूही असते: वर्ग केल्याने नसलेलं मूळ घुसतं. √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग करून ३ आणि − २ मिळतात, पण − २ घातल्यावर डावी बाजू २ येते आणि उजवी − २. म्हणून वर्गमुळाच्या उदाहरणात ताळा हा सोडवणुकीचाच भाग धरायचा, वेळ उरला तर करायचा सोपस्कार म्हणून नाही.

चौथी जात इंटिग्रेशनमध्ये आदेश घालताना, म्हणजे क्षच्या जागी नवीन चल घेताना होते. २क्ष(क्ष² + १)³ चं ० ते २ इंटिग्रेशन करताना तू क्ष² + १ = य घेतलंस, ते बरोबरच. पण सीमा ० आणि २ च ठेवल्यास. क्ष ० असतो तेव्हा य १ असतो, क्ष २ असतो तेव्हा य ५. म्हणजे य⁴/४ मध्ये १ आणि ५ घालायचे: (६२५ − १)/४ = १५६. तुझं उत्तर ४ आलं. ते चूक आहे हे सूत्राशिवायही दिसतं: हे इंटिग्रेशन म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, क्ष = १ ला आलेखाची उंची १६ आहे आणि पुढे वाढतच जाते, तेव्हा एकट्या १ ते २ या पट्टीचंच क्षेत्रफळ १६ च्या वर. सीमा नसलेल्या इंटिग्रेशनला तर ताळा फुकटच मिळतो: आलेल्या उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घे, मूळ पद परत यायला हवं. कोसाइन ३क्ष चं इंटिग्रेशन साइन ३क्ष लिहिलं तर उलट जाताना ३ जास्तीचे येतात, म्हणजे १/३ राहिला.

दोन-तीन आठवड्यांनी ते शेवटचं पान वाचलंस की चुकांची संख्या भरपूर आणि जाती चार-पाचच आहेत असं बहुधा दिसेल. परीक्षेत शेवटची दहा मिनिटं मग सगळा पेपर वरवर चाळण्यात घालवायची नाहीत; फक्त आपल्या त्या जाती शोधायच्या.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच: एका ओळीत एकच बदल कर. तू तीन गोष्टी एका ओळीत उरकतेस आणि मग चूक कुठे शिरली ते तुलाच सापडत नाही. आणि ‘३ × ४ = १२ + ५ = १७’ अशी बरोबरच्या चिन्हांची माळ लावू नकोस, कारण ३ × ४ म्हणजे १७ नव्हे. कच्चं काम डाव्या पानावर कर, खोडू नकोस, एक रेघ मार. खोडलेली चूक वाचता येत नाही.

भूमितीची गोष्ट वेगळी आहे. तिथे तुझं बीजगणित आड येत नाही. तिथे तू पक्षाकडून, म्हणजे दिलेल्या माहितीकडून, निघतेस आणि दिसेल ते लिहीत सुटतेस. सिद्धता लिहायची पक्षाकडून, पण शोधायची साध्याकडून, म्हणजे जे सिद्ध करायचं आहे त्याकडून. तू पाठवलेलं उदाहरण असं: त्रिकोण अबक मध्ये अब = अक. ब मधून अक वर बम हा लंब टाकला, क मधून अब वर कन हा लंब टाकला. बम = कन हे सिद्ध करा. साध्याला विचार: दोन रेषाखंड समान आहेत हे मला कशावरून कळेल? बहुतेक वेळा ते दोन एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू असतील यावरून. मग बम कुठल्या त्रिकोणात आहे? बमक मध्ये. कन? कनब मध्ये. या दोघांत काय सारखं आहे? म आणि न जवळचे काटकोन. बक ही बाजू दोघांचीही. आणि क जवळचा कोन ब जवळच्या कोनाएवढा, कारण अब = अक; पक्ष इथे कामी आला. कोकोबा (कोन-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून बम = कन. शोधताना उलट गेलीस, आता तेच खालून वर लिहून काढ.

तुझ्या आकृतीत त्रिकोण जवळजवळ समभुज आहे आणि लंबांचे पाय बाजूंच्या मध्यावर पडलेत. त्यामुळे तू अम = मक असं गृहीत धरलंस, जे कुणीच दिलेलं नाही. आकृती मुद्दाम बेढब काढावी. इथे अ जवळचा कोन विशाल घेऊन बघ: दोन्ही लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतात, तरी वरची सिद्धता जशीच्या तशी चालते. दुसऱ्या पानावर तू ‘बाबाको’ (बाजू-बाजू-कोन) वापरलं आहेस, तशी कसोटी नाही. का नाही ते कंपासने पाहा: ३० अंशांचा कोन काढ, एका भुजेवर १० सेंमी मोजून तिथे टोक रोव, आणि ६ सेंमीचा कंस मार. तो दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण.

‘किती उदाहरणं’ हा प्रश्न राहिला. संख्या दहाच ठेव, पण सरमिसळ कर. एका सरावसंचातली दहाही उदाहरणं ओळीने केलीस तर कुठली रीत लावायची ते मथळ्यानेच सांगितलेलं असतं. परीक्षेत मथळा नसतो. आजच्या धड्यातली पाच-सहा, गेल्या आठवड्यातली दोन-तीन, एखादं जुनं बीजगणिताचं. शाळेने किंवा क्लासने दहाही एकाच संचातली दिली असतील तर ती करावी लागणारच, पण ती दोन बैठकींत वाटून मध्ये जुनी घाल. शिवाय रविवारी वीस उदाहरणं नुसती वाच आणि प्रत्येकापुढे पहिली ओळ काय असेल तेवढंच लिही, सोडवू नकोस. अर्ध्या तासात होतं, आणि तुझं खरं दुखणं, म्हणजे सुरुवात, तिचाच सराव होतो.

शिकवणी लावावी का, असं घरचे विचारत असल्याचं तू शेवटी लिहिलंस. लावायला हरकत नाही, पण तिथेही कुणी फळ्यावर सोडवून दाखवणार आणि तू उतरवून घेणार असशील तर मोबाइलमध्ये आणि त्यात फरक नाही. तू फळ्याशी आणि शिकवणारा बाजूला, असं जिथे होईल तिथे जा. तोवर वर्गातल्या शिक्षकांना ‘मला हा धडा कळला नाही’ असं सांगण्याऐवजी वही उघडून ‘या ओळीवरून या ओळीवर कसं आलं?’ असं विचार. पहिल्या तक्रारीवर त्यांना पुन्हा सगळा धडा सांगावा लागतो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

गणित तुझा विषय आहे की नाही हे या पानांवरून ठरत नाही. दोन चलांची मांडणी तू कुणाच्या मदतीशिवाय केलीस आणि साइन² क्ष चं उत्तर बरोबर काढलंस, एवढं त्यावर दिसतं. अपूर्णांक, कंस आणि अवयव यांची उजळणी रोज वीस मिनिटं महिनाभर कर आणि मग हा प्रश्न पुन्हा विचार.

सुरुवात १/क्ष पासूनच कर, आज, हे पान मिटवून. ते सुटलं की √क्ष घे. तिथे अंशात √(क्ष + ह) − √क्ष येईल आणि छेद समान करून काही साधणार नाही. अंश आणि छेद दोन्हींना √(क्ष + ह) + √क्ष ने गुण, अंशात नुसता ह उरेल. उत्तर १/(२√क्ष) यायला हवं. नाही आलं तर कुठल्या ओळीवर अडलं ते लिहून पाठव.